पारावरचा वड, परसातला गुलाब

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाने आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. यादी भारदस्त आहे: 3 लाख गाई, 16 गावे, नद्यांवर फुकट उतार, वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा. त्यातच झाडांचीही नोंद आहे. नानंगोल गावची 32,000 नारळाची झाडे त्याने गोवर्धन, शूर्पारक वगैरे ठिकाणच्या चरक परिषदांना देऊन टाकली. शिवाय भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी बागा, तळी आणि विहिरी केल्या. यातले गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरच्या वाटेवर आजही नांदते असलेले गाव. शूर्पारक म्हणजे सोपारा.

उषवदाताला नारळाच्या सावलीचे फारसे कौतुक असेल असे वाटत नाही; नारळ द्यायचे ते उत्पन्नासाठी. पण त्याने झाडे दिली ती संस्थेला, आणि बागा केल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या आधी साडेतीनशे वर्षे अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात हेच सांगितले होते: जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या. मोठे झाड म्हटले की ते चारचौघांचे, ही समजूत इतकी जुनी आहे. आपल्या अंगणात कोणी काय लावले होते ते मात्र कोणी दगडावर कोरून ठेवले नाही.

बागेत सावलीचे झाड लावावे की फुलाचे झुडूप, हा प्रश्न आज नाशिकच्या गंगापूर रोडवर दोन-अडीच गुंठ्यांत बंगला बांधणाऱ्याला पडतो तसा जुन्या नाशिककराला पडतच नव्हता. त्याचे उत्तर ठरलेले होते. सावलीचे झाड गावाचे, देवाचे, घाटाचे किंवा रस्त्याचे; फुलाचे झुडूप घरचे. ही वाटणी कशी झाली, किती काळ टिकली आणि कधी उलटी झाली, ते नाशिकमध्ये जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

सुरुवात पंचवटीपासूनच करावी लागते. सीतागुंफेजवळचे वड पाहायला रोज माणसे येतात. पाचही झाडे वडाची, प्रत्येकाला क्रमांक घातलेला, आणि भोवती दुकाने, रिक्षा, प्रसादाच्या पाट्या यांची एवढी गर्दी की बुंध्याशी उभे राहून मान वर केल्याशिवाय झाड दिसत नाही. शास्त्रातली पंचवटी मात्र वेगळी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या व्रतखंडात पुराणाच्या आधाराने पंचवटी लावण्याचा विधी दिला आहे. पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा, आग्नेयेला अशोक, मध्ये वेदी. पाच झाडे, पाच जातींची.

हा विधी पुण्यासाठी सांगितला असला तरी तो कोणी तरी उन्हात बसून ठरवला असावा, अशी शंका येते. पश्चिमेचे ऊन सगळ्यांत जाचक, तिथे सगळ्यांत दाट आणि रुंद पसरणारा वड. दक्षिणेला आवळा: बेताच्या उंचीचा, बारीक पानांचा, हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेल्या सूर्याला पूर्ण न अडवणारा. पूर्वेला पिंपळ, ज्याची पाने जराशा वाऱ्यानेही हलतात आणि सकाळचे कोवळे ऊन गाळून आत सोडतात. आजचा वास्तुरचनाकार घराभोवती झाडे बसवताना नकाशावर सूर्याची वाट काढतो, त्याचे उत्तर यापेक्षा फार निराळे येत नाही.

यातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचे गुच्छ खोडाला लगडून येणारा. आज सोसायटीच्या भिंतीला लागून एका रांगेत सरळसोट उभा असतो तो हिरवा खांब हा अशोक नव्हे. त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात, आणि त्याची फांद्या खाली लोंबणारी जात तर सावली म्हणून जेमतेम आपल्याच बुंध्यावर पाडते. झाड लावल्याचे समाधान हवे पण झाडाने जागा मात्र खायला नको, अशा माणसासाठी हे झाड जणू मागणीनुसार बनवले आहे.

गावात सावलीच्या झाडाला आणखी एक गोष्ट जोडलेली होती, ती म्हणजे पार. दगडी चौथरा बांधला की झाड गावाचे झाले. पारावर न्यायनिवाडा, पारावर गप्पा, पारावर बाहेरगावचा माणूस टेकणार. जुन्या नाशकात नेहरू चौकातला पिंपळपार अजून नांदता आहे. दिवाळीत ‘संस्कृती नाशिक’तर्फे तिथे पाडवा पहाटेची मैफल होते आणि पिंपळाखाली पहाटे गाणे ऐकायला अख्खे गाव लोटते. पार नसता तर त्या पिंपळाचे काय झाले असते, याचा अंदाज आजूबाजूच्या गल्ल्यांत हिंडल्यावर बांधता येतो. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव बहुला आहे. गावाची खूण म्हणून झाडच सांगितले जात होते. गुलाबाच्या ताटव्यावरून गाव ओळखले जाणे त्या मानाने अवघड.

अवघड, पण नाशिकच्या बाबतीत अगदी तसेच झाले. मोगल अमलात या शहराचे सरकारी नाव होते गुलशनाबाद. अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांचा अंमल बसला आणि नाशिक हे जुने नाव पुन्हा चालू झाले. गोदावरीच्या डाव्या काठाला वडाच्या नावाची वस्ती आणि उजव्या काठाला फुलबागेच्या नावाचे शहर, अशी शंभरेक वर्षे गेली. इराणी वळणाच्या बागेत चिनारासारखे मोठे झाडही असते आणि गुलाबही असतो. पण भोवती उंच भिंत असते, आत पाण्याचे पाट असतात, आणि आत जाण्याचा हक्क बाग ज्याची त्याचा. मोगलांच्या काळातला एकही ताटवा आज नाशकात दाखवता येणार नाही. गुलाबाचे झुडूप राखणदार माळी असेतोवर जगते. छाटणी, खत, पाणी, आळे यांतले एक वर्षभर चुकले की ते काटेरी काड्यांवर येते. वडाचे तसे नाही. मूळ खोड पोकळ झाले तरी पारंब्या जमिनीत उतरून खांब होतात आणि तेच झाड पुढे चालू राहते. म्हणून पंचवटी दाखवता येते, गुलशन दाखवता येत नाही.

मराठी राज्यकर्त्यांना या दोन्ही जातींचा हिशेब पक्का ठाऊक होता. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर काय लावावे याची यादी येते. आधी वड, पिंपळ, आंबा, फणस, चिंच अशी थोर झाडे. मग लिंबे-नारिंगे अशी लहान. मग फुलझाडे आणि वेली. उपयोगाचे असो की बिनउपयोगाचे, जे झाड गडावर येत असेल ते लावावे आणि जपावे, वेळप्रसंगी त्याचे लाकूड तरी कामी येईल, असा अमात्यांचा व्यवहार. फुलझाडाला गडावर जागा मिळते ती या शेवटच्या मुद्द्यामुळे. तोफगोळ्यांच्या काळात जास्वंदीच्या सरपणाचाही विचार करणारा हा माणूस आजच्या उद्यान विभागात असता तर ठेकेदारांची पंचाईत झाली असती.

आता घरात शिरू. नाशकातला जुना वाडा म्हणजे रस्त्याला चिकटून दिंडी-दरवाजा, आत चौक, चौकात तुळशीवृंदावन, मागे परस, परसात विहीर किंवा हौद. चौकात ऊन येते ते डोक्यावरच्या चौकोनातून, तेवढ्यात मोठे झाड बसणार कुठे? आणि बसले तरी वड-पिंपळाला घरात थारा नव्हता. त्यांच्यावर मुंजा असतो, त्यांच्या सावलीत संसार सुखाचा होत नाही, अशी भीती घातलेली असे. तिच्या मागचे कारण परसातल्या हौदाला तडा गेलेल्या कोणालाही सांगता येईल. पिंपळाचे बी कावळ्याने भिंतीवर टाकले तरी दोन पावसाळ्यांत चुन्याच्या दर्जा फुटतात. बुंधा जमिनीत असेल तर पायाच उचलतो. वडाला पूजेचा मान आणि घराबाहेरची जागा, दोन्ही एकाच वेळी मिळाले ते असे.

परसात लागायचे ते देवाला लागणारे. तगर, जास्वंद, कण्हेर, गावठी गुलाब, मोगरा, जाई-जुई. कोपऱ्यात पारिजातक किंवा चाफा. सकाळी परडी घेऊन हात पोहोचेल एवढीच त्यांची उंची हवी. तगरीची फुले पहाटे टपोरी असतात आणि ऊन चढले की मलूल होतात, म्हणून ती घरचीच बरी, बाजाराची नव्हेत. गावठी गुलाब दिसायला काही खास नाही, पाकळ्या सैल आणि रंग फिका, पण वास असा की एका फुलात देवघर भरते. त्याच्याच पाकळ्यांचा गुलकंद उन्हात मुरायला ठेवला जाई. शोभेचे झुडूप ही कल्पना या परसाला माहीतच नव्हती. प्रत्येक झुडपाला रोजचे काम नेमून दिलेले होते: गणपतीला जास्वंद, शंकराला पांढरे फूल, वेणीला मोगरा. घरचे पुरले नाही की माळ्याकडून पुडी यायची. नाशिकसारख्या क्षेत्रात, जिथे काळाराम, सुंदरनारायण, कपालेश्वर आणि शेकडो लहान देवळांत रोज हार लागतात, तिथे झुडपाने एक मोठा व्यापार उभा केला. सराफ बाजारात, गणेशवाडीत भल्या सकाळी फुलांच्या पाट्या उतरतात, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव हा जिल्ह्यातल्या बातम्यांचा विषय असतो. जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाऊसमधला डच गुलाब फेब्रुवारीत विमानाने परदेशी जातो. त्याला वास नसतो, पण देठ लांब असतो आणि खोक्यात तो आडवा नीट बसतो.

गमतीची गोष्ट अशी की, ज्या फुलांशिवाय आपली पूजा होत नाही त्यांतली कितीतरी पाहुणी आहेत. झेंडू मेक्सिकोचा. देवळाच्या आवारात हमखास असणारा पांढरा खुरचाफा मध्य अमेरिकेचा. शंकासुरही अमेरिकेचाच. पोर्तुगीजांच्या आणि नंतरच्या जहाजांतून ही रोपे आली आणि दोन-तीन पिढ्यांत सोवळी झाली. मोठ्या झाडांना मात्र असा प्रवेश सहज मिळाला नाही. गुलमोहर मादागास्करहून एकोणिसाव्या शतकात आला, आज नाशकात रस्तोरस्ती आहे, मे महिन्यात आग लागल्यासारखा फुलतो. पण त्याचे फूल देवाला वाहताना कोणी पाहिले नसेल. त्याचा पार बांधलेलाही पाहिला नसेल.

इंग्रजी अमलात वाटणी तीच राहिली, फक्त दोन्ही बाजूंचा मालक बदलला. सावलीचे झाड देवाकडून सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेले. मुंबई-आग्रा रस्ता थळ घाटातून चढून इगतपुरी, नाशिक, चांदवड असा मालेगावकडे जातो. बैलगाडीच्या प्रवासाला दर काही कोसांवर सावली लागे, म्हणून रस्त्याच्या दुतर्फा वड, निंब, आंबा, जांभूळ लावले गेले. वडाचे रोप लावण्यापेक्षा फांदी रोवणे सोयीचे. मनगटाएवढी किंवा त्याहून जाड, माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर खड्ड्यात उभी करायची, भोवती बाभळीचे काटे रचायचे. गुरांचे तोंड पोहोचत नाही तिथे तिला पाने फुटतात आणि रोपाची पहिली काही वर्षे वाचतात. बुंध्यावर गेरू आणि चुन्याचे पट्टे, त्यावर खात्याचा क्रमांक. आंब्यांच्या फळांचा लिलाव. याच पट्ट्यात अहिल्याबाई होळकरांच्या आठवणीही आहेत. चांदवडचा रंगमहाल त्यांच्याच घराण्याचा, आणि वाटांवर विहिरी-झाडे करणे हे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले काम.

झुडूप गेले बंगल्यात. देवळालीला 1860 च्या दशकात लष्कराची छावणी बसली. विलायतेहून उतरलेल्या पलटणी इथे थांबून पुढे जात. पुढे कोरड्या हवेसाठी मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी इथे बंगले आणि आरोग्यधामे बांधली. व्हरांडा, समोर हिरवळ, फाटकावर बोगनवेल, कडेने मेंदीचे किंवा कोयनेलचे छाटलेले कुंपण, आणि बंगल्याच्या मागे-पुढे एखादे मोठे झाड. लॅम रोडने जाताना या रचनेचे अवशेष अजून दिसतात. बोगनवेल ही ब्राझीलची. बुगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या 1766 ते 1769 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत युरोपियनांच्या नजरेस पडली आणि त्याचे नाव घेऊन जगभर गेली. मराठी माणसाने त्यातला व्हिल काढून बोगन ठेवला आणि पुढे वेल जोडून टाकली. तिला देवपूजेत जागा नाही, वास नाही, औषधी कीर्ती नाही. ती फक्त दिसते. शुद्ध शोभेसाठी लावायचे झुडूप नाशिकच्या आवारात शिरले ते अशा बंगल्यांतून.

याच सुमारास दुसऱ्या एका शोभेच्या झुडपाने काय केले हेही सांगायला हवे. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत कुंपणाची शोभा म्हणून आणली गेली. फुले रंगीबेरंगी, वर्षभर येणारी. गुरे तोंड लावत नाहीत. पाण्याची तक्रार नाही. माळ्याला आणखी काय हवे? पण फळे पक्ष्यांना आवडली. बागेतून ती निसटली आणि देशभरच्या जंगलांत पसरली. नाशिकभोवतीच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर चालताना पायाला ओरबाडते ती हीच. वडाचे बीही पक्षीच पसरवतात, आणि तेही भिंतीत, कौलांत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते. पण वड एकेकटा वाढतो आणि खाली माणसाला, गुराला, पाखराला जागा करतो. घाणेरी झुंडीने येते आणि खाली गवताची काडी उगवू देत नाही. झुडूप लहान म्हणून निरुपद्रवी, हा समज तिने कायमचा मोडला.

स्वातंत्र्यानंतर शहर भराभर वाढले. सातपूरची औद्योगिक वसाहत साठच्या दशकातली, ओझरचा विमान कारखाना त्याच काळातला. सत्तरच्या दशकात सिडकोने नवीन नाशिक वसवायला घेतले. 1982 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. लहान घरे, लहान आवारे. दारापुढे तुळस, दोन जास्वंदी, कढीपत्ता आणि एखादी शेवग्याची फांदी, याहून जास्त मावेना. रस्त्याच्या कडेला सरकारने लावले ते झटपट वाढणारे: गुलमोहर, पिवळ्या फुलांचा पेल्टोफोरम, संध्याकाळी आणि पाऊस आला की पाने मिटणारा रेनट्री. टेकड्यांवर वनखात्याने मध्य अमेरिकेचे गिरिपुष्प लावले, ज्याला गावात उंदीरमारी म्हणतात. ते फुलले की पांडवलेण्यांच्या बाजूचे उतार फिकट गुलाबी दिसतात. वडाला इतका वेळ देणे कोणाला परवडत नव्हते.

खरी उलथापालथ रस्तारुंदीने केली. मुंबई-आग्रा महामार्ग चौपदरी झाला तेव्हा दुतर्फाचे जुने वृक्ष गेले. शहरात गंगापूर रोड, दिंडोरी रोड, पेठ रोड रुंद झाले आणि कालपर्यंत कडेला असलेली झाडे एका रात्रीत रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. नाशकात रात्री गाडी चालवणाऱ्याला हे दृश्य परिचयाचे आहे: डांबराच्या मधोमध वडाचा बुंधा, त्यावर काळे-पिवळे पट्टे आणि लाल चमकणाऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या. झाड तिथे आधी होते, रस्ता नंतर आला. पण अपघात झाला की आरोपी झाड. अपघातात माणसे गेली हेही खरे, आणि म्हणून हा वाद फक्त भावनेवर सुटत नाही. रस्ता आखतानाच झाड गृहीत धरले असते तर दोन्ही वाचले असते, एवढे मात्र म्हणता येईल.

त्याच रस्त्यांच्या दुभाजकात काय आले? कण्हेर, बोगनवेल, दुरांटा. म्हणजे परसातली आणि बंगल्यातली झुडपे सरकारी रस्त्यावर आली. दुभाजकासाठी कण्हेरीची निवड चुकीची म्हणता येत नाही. तिची पाने विषारी, म्हणून मोकाट गुरे-शेळ्या खात नाहीत. पाणी कमी लागते. बारा महिने थोडीफार फुलते. समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप अडवते. मुळे डांबर उचलत नाहीत. दुभाजकाचे काम ती चोख करते. फक्त तिची सावली तिच्या स्वतःच्या मातीवर पडते, पायी चालणाऱ्यावर नाही. आणि दुसऱ्या बाजूला, घर बांधणाऱ्याने परवानगीसाठी आपल्या भूखंडात ठरावीक झाडे लावलीच पाहिजेत असा बांधकामाचा नियम. सावलीची जबाबदारी खासगी आवारावर आणि शोभेची सार्वजनिक रस्त्यावर! उषवदातापासून चालत आलेली वाटणी इथे बरोबर उलटी झाली. तीन फुटांच्या साइड मार्जिनमध्ये माणूस मग खोटा अशोक लावतो, कारण नियमात झाडाची संख्या मोजली जाते, सावली मोजली जात नाही.

या व्यवहाराला रोपवाटिकांनीही आपली साथ दिली. नाशिकच्या आसपास रस्त्याकडेला ज्या रोपवाटिका दिसतात त्यांतला बराच माल आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतो. कोकोपिटच्या पिशवीत, सारख्या उंचीची, सारख्या घेराची, हिरवीगार झुडपे. गिऱ्हाईक विचारते: फुले कधी, वाढते किती, पाने गळतात का? तिन्ही प्रश्नांत वड नापास होतो. तो तिथे असतोच, पण उथळ चिनी मातीच्या ट्रेमध्ये, बोन्साय म्हणून. ज्येष्ठ पौर्णिमेला वटसावित्रीच्या पूजेसाठी बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात. सदनिकेत त्या पाटावर उभ्या करून त्यांना सूत गुंडाळले जाते. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाचे बिऱ्हाड नाशकात हलवल्यावर ‘सत्यवान सावित्री’ 1914 मध्ये काढला, तेव्हा नाशकात वड शोधायला लांब जावे लागले नसणार.

देवाचे म्हणून जे झाड उरले ते अजूनही जास्त सुरक्षित आहे. उंटवाडीत म्हसोबा महाराजांच्या मंदिराशी असलेला, दोनशे वर्षांहून जुना समजला जाणारा वड उड्डाणपुलाच्या आखणीत आला. 2022 च्या सुरुवातीला नाशिककर त्याच्या भोवती जमले, आणि पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तो तोडला जाणार नाही असे जाहीर केले. म्हसोबाशेजारी उगवला नसता तर त्याच्यासाठी एवढी माणसे जमली असती का, हा विचार मनात येतो. तपोवनात 2025 च्या अखेरीस प्रश्न आला तो वेगळ्या धर्तीचा. येत्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सतराशेहून अधिक झाडे काढण्याच्या नोटिसा लागल्या, लोकांनी हरकती घेतल्या, अभिनेते सयाजी शिंदे येऊन उभे राहिले. प्रशासनाची बाजू अशी मांडली गेली की जुने मोठे वृक्ष राखू, काढायची ती अलीकडची, झुडपी वाढीची. म्हणजे भांडण शेवटी येऊन ठेपले ते झाड कशाला म्हणायचे आणि झुडूप कशाला, यावर. साधू ज्या तपोवनात उतरतात त्या जागेला वन म्हणण्याइतकी झाडी कधी तरी होती म्हणूनच ते नाव पडले, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वापरला.

घरच्या आवारापुरता या सगळ्यातून काही मार्ग आहे का? आहे, आणि तो जुन्या परसाच्या कोपऱ्यातच उभा होता. पारिजातक, बकुळ, सोनचाफा, कांचन, बहावा, सीतेचा अशोक: ही ना वडासारखी पाया उचलणारी, ना जास्वंदीसारखी कमरेएवढी. बेताच्या जागेत भागणारी, देवाला चालणारी, आणि पश्चिमेच्या भिंतीशी लावली तर दुपारी खोली खरोखर थंड ठेवणारी. बकुळ सावकाश वाढते ही एकच तक्रार. पण छाटणी सोसते आणि पाने बारमाही दाट. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने नाशिककरांना घेऊन अशाच देशी जातींची देवराई उभी केली आहे. आपल्या आवारासाठी जात निवडायची तर रोपवाटिकेत जाण्याआधी तिथे एक फेरी मारलेली बरी.

मोठ्या झाडांचे कायद्यातले स्थानही दरम्यान बदलले. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्ष जतनाचा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला, आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. कायदा जात विचारत नाही, वय विचारतो. त्यामुळे सत्तरच्या दशकात सिडकोच्या आणि सातपूरच्या रस्त्यांना घाईघाईने लावलेले मादागास्करचे गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचे रेनट्री आता एकेक करून नाशिकचा वारसा होऊ लागले आहेत. त्यांतले गुलमोहर मात्र ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वादळात फांदी गाडीवर पडते, वीजतारा तुटतात, आणि पन्नाशी गाठण्याआधीच महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज जातो: झाड धोकादायक झाले आहे, तोडण्यास परवानगी मिळावी.